होकाराची वाट

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाची काउंटी आहे. तिथल्या वेस्टपोर्ट गावातून अॅकिल बेटाच्या तोंडापर्यंत 42 किलोमीटरची एक वाट जाते. मोटारींना तिथे मज्जाव आहे. ही वाट 1937 साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या भरावावरून गेली आहे. एका अंगाला अटलांटिक महासागराचा क्लू उपसागर, दुसऱ्या अंगाला नेफिन बेगची डोंगररांग आणि तिच्या पायथ्याशी पसरलेला ओला, तपकिरी, झाडांविना उघडा माळ. या वाटेचं नाव ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. पहिला टप्पा 2010 मध्ये खुला झाला, आणि 2011 च्या जुलैमध्ये आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान एन्डा केनी यांनी संपूर्ण वाटेचं उद्घाटन केलं. केनी स्वतः मेयोचेच.

युरोपात सायकलींसाठी केलेले रस्ते पुष्कळ आहेत, याहून लांब आणि गुळगुळीतही आहेत. तरी या वाटेबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण ती ज्या जमिनीवरून जाते त्या जमिनीचा बराचसा भाग सरकारचा नाही. रेल्वे बंद झाल्यावर रुळांखालची पट्टी आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेली. पुढची सत्तर वर्षं तिच्यावर मेंढ्या चरल्या, काटेरी झुडपं माजली, कुठे गोठा उभा राहिला. ती पट्टी पुन्हा सलग करायची तर दीडशेहून अधिक जमीनमालकांना विचारावं लागणार होतं. मेयोच्या काउंटी कौन्सिलने तेच केलं. सक्तीचं भूसंपादन नाही, जमिनीची खरेदी नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहील आणि तो लोकांना आपल्या शेतातून जाऊ देईल, एवढाच करार. दिलेली परवानगी परत घेण्याचा हक्कही त्याच्याकडेच.

आपल्याकडे लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्याला मागच्या आवाजाकडे कान लावूनच चालवावं लागतं. एसटी आहे की डंपर, तो किती अंतर ठेवून जाईल, रस्त्याची कड खचलेली तर नाही ना, हा हिशेब मनात सतत चालू असतो. गाड्या नसलेल्या वाटेवर तो थांबतो. मग वाऱ्याची दिशा कळते, चाकाखालची बारीक खडी वळणावर कशी वाजते ते कळतं, कुंपणापलीकडे मेंढी खोकली तरी ऐकू येतं. सामान लादून दिवसभर चालवणाऱ्याला याचं मोल अधिक, कारण लादलेली सायकल झटकन बाजूला घेता येत नाही. या वाटेवर आठ-नऊ वर्षांची मुलं आईबापांच्या पुढे निघून जातात आणि आईबाप त्यांना हाका मारत नाहीत.

चढ सौम्य आहे, त्याचं श्रेय वाफेच्या इंजिनाला. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून 1890 च्या दशकात मजुरांनी फावड्या-कुदळींनी टेकाडं कापली, खळगे भरले, ओढ्यांवर दगडी कमानी बांधल्या. आता त्याचा लाभ गुडघ्यांना मिळतो. न्यूपोर्ट गावात नदीवर लाल वालुकाश्माचा सात कमानींचा पूल आहे. गाव लहान आणि पूल केवढा मोठा! हा मार्ग आर्थर बाल्फोर यांच्या धोरणातून आला. आयर्लंडचे मुख्य सचिव असताना त्यांनी 1889 चा लाइट रेल्वे कायदा आणला. पश्चिमेकडच्या दरिद्री भागांत सरकारी पैशातून रेल्वे न्यायची, लोकांना काम द्यायचं आणि मासळी बाजारापर्यंत पोहोचवायची, असा त्यामागचा विचार. राजकीय असंतोष थंड व्हावा हाही हेतू होताच.

या वाटेवर जागोजागी फाटकं लागतात; तो असंतोष समजून घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. आयर्लंडच्या जमीन आंदोलनाची सुरुवात याच काउंटीत झाली. मायकेल डेव्हिट यांचा जन्म 1846 मध्ये मेयोतल्या स्ट्रेड गावचा. ते चार वर्षांचे असताना भाडं थकलं म्हणून कुटुंबाला घरातून हुसकावण्यात आलं. कुटुंब इंग्लंडात लँकाशरला गेलं, आणि तिथल्या कापडगिरणीत अकराव्या वर्षी डेव्हिट यांचा उजवा हात यंत्रात सापडून गेला. हाच माणूस 1879 मध्ये मेयोत परतला आणि कुळांना संघटित करू लागला. त्या वर्षी 8 जूनला वेस्टपोर्टला मोठी सभा झाली. तिथे चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांनी कुळांना सांगितलं, आपली घरं आणि जमिनी घट्ट धरून ठेवा. ऑगस्टमध्ये कॅसलबारला मेयोची लँड लीग स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये डब्लिनला देशव्यापी लँड लीग. पुढच्याच वर्षी, याच काउंटीतल्या लॉख मास्क तलावाकाठी, कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर गावाने बहिष्कार घातला आणि त्याचं आडनाव जगभर गेलं. हा बॉयकॉट त्याआधी बरीच वर्षं अॅकिल बेटावरच राहत होता.

या चळवळीचा आपल्याशीही संबंध आहे. दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत पाठवावं, ही कल्पना डेव्हिट यांनी मांडली होती. पार्नेल यांना ती पटली नाही. दादाभाई पुढे 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. आणि 1916 मध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा होमरूल हे नाव आयर्लंडकडूनच आलं होतं.

पुढे टप्प्याटप्प्याने कायदे झाले. 1903 च्या विंडहॅम कायद्याने जमीनदारांकडून जमीन विकत घ्यायला कुळांना मोठं कर्ज मिळू लागलं आणि कूळ मालक झालं. म्हणजे आज या वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची शेतं आहेत, त्यांच्या पणजोबांना तीच जमीन कसायला भाडं भरावं लागत होतं आणि ते थकलं की घराचं छप्पर मोडलं जात होतं. अशा ठिकाणी जमीन ताब्यात घ्यायला सरकारी नोटीस आली असती तर काय झालं असतं, ते सांगायची गरज नाही. इथे नोटीस गेली नाही. कौन्सिलची माणसं एकेका घरी गेली, शंका ऐकल्या आणि त्या मार्गी लावल्या. कुणाचं कुंपण घातलं, कुणाला गुरं न्यायला वाटेखालून मार्ग दिला, कुणाच्या दारापासून वाट थोडी दूर नेली. सगळ्यात मोठी भीती होती, परका माणूस आपल्या शेतात पडला आणि त्याने दावा लावला तर? तिचं उत्तर 1995 च्या कायद्यात होतं. कुणी पैसे न देता, केवळ विरंगुळा म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर आला, तर त्याच्या बाबतीत मालकाची जबाबदारी त्या कायद्याने बरीच मर्यादित केली आहे. वाटेची देखभाल कौन्सिलने आपल्याकडे घेतली.

म्हणून या वाटेवर फाटकं आणि गुरांना अडवणाऱ्या जाळ्या आहेत, आणि काही ठिकाणी सायकलवरून उतरावं लागतं. वेगाच्या हिशेबात रमणाऱ्याला ही फाटकं खटकतील. मला ती या वाटेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतात. फाटक उघडताना कळतं की हे कुणाचं तरी शेत आहे, तो माणूस आपल्याला जाऊ देतो आहे, आणि फाटक नीट लावून पुढे जाणं ही आपली बाजू आहे. सरकारने जमीन घेऊन सरळसोट पट्टा आखला असता तर ही जाणीव कुठल्याही फलकाने करून देता आली नसती.

वेस्टपोर्ट ते न्यूपोर्ट हा अकरा-बारा किलोमीटरचा टप्पा त्यातल्या त्यात साधा. हमरस्ता बराच वेळ जवळून जातो, गाड्यांचा आवाज येतो. नैर्ऋत्येला क्रो पॅट्रिक दिसत राहतो, 764 मीटर उंचीचा, वर टोकदार. संत पॅट्रिकने पाचव्या शतकात त्याच्या माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला अशी श्रद्धा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, आणि त्यांतले काही त्या सुट्या धारदार दगडांवरून अनवाणी जातात.

न्यूपोर्टनंतर वाट पश्चिमेला वळते आणि तिचा रंगच बदलतो. डावीकडे उपसागर, त्यात हिरव्या पाठींची बेटं. वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे 365 बेटं आहेत असं स्थानिक लोक सांगतात. मोजली तर ती बरीच कमी भरतात, पण वाटेवरच्या चढावरून पाहताना मोजायचं सुचत नाही. ही बेटं हिमयुगाची करणी. हिमनद्यांनी माती आणि गोट्यांचे लांबट ढीग मागे ठेवले, बर्फ वितळल्यावर समुद्राची पातळी वाढली आणि ढीग अर्धे बुडाले. पश्चिमेकडे तोंड असलेली त्यांची बाजू लाटांनी खाऊन उभी कापल्यासारखी झाली आहे. त्यांतलं डोरिनिश नावाचं बेट 1967 मध्ये जॉन लेननने विकत घेतलं होतं.

वाटेपासून थोडं खाली, खाडीच्या तोंडाशी रॉकफ्लीटचा चौकोनी दगडी बुरूज उभा आहे. सोळाव्या शतकात तो ग्रेस ओमॅलीचा होता. आयरिश लोक तिला ग्रान्या म्हणतात. ती जहाजांचा ताफा बाळगून होती, किनाऱ्यावर कर घेत होती, आणि इंग्रजांनी मुलाला पकडलं तेव्हा, 1593 मध्ये, थेट लंडनला जाऊन राणी एलिझाबेथला भेटली. दोघींचं बोलणं लॅटिनमध्ये झालं असं परंपरा सांगते. भरतीच्या वेळी पाणी बुरुजाच्या पायाला लागतं. सायकल टेकवून अर्धा तास इथे द्यावाच.

उजव्या हाताला माळ सुरू होतो. त्याच्याबद्दल थोडं सावकाश लिहायला हवं, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो नुसता ओसाड वाटतो. पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर उभं राहिल्यावर जो उघडेपणा अंगावर येतो, तसाच हा. फरक पायाखाली आहे. सड्यावर कातळ लागतो, इथे पाऊल बुडतं. याला ब्लँकेट बॉग म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी हवामान ओलं झालं, माणसाने झाडं तोडली, पाण्याचा निचरा थांबला. स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढत गेलं. साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसल्यामुळे मेलेली वनस्पती पुरती कुजेना, थरावर थर बसत गेले. या थरांची वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या उंचीएवढा थर साचायला जवळपास दोन हजार वर्षं लागतात. हे थर विटांसारखे कापून, वाळवून घरात जाळायचे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा इंधनाचा मार्ग. त्याला ते टर्फ म्हणतात. कापणीच्या काळ्या रेषा आणि सुकायला रचलेले छोटे ढीग वाटेवरून दिसतात. हा माळ पुष्कळ कार्बन धरून असतो, म्हणून त्याची कापणी थांबवावी की नाही यावर आयर्लंडमध्ये कडाक्याचा वाद आहे. माळ वाचायला हवा असं मला ठामपणे वाटतं. पण ज्या घरात आजोबांपासून टर्फचीच चूल आहे, त्या घराला पर्याय दिल्याशिवाय बंदी घालणं अन्यायाचं होईल.

माळावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढरे कापसाचे झुबके डोलतात, ते बॉग कॉटन. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि उतार जांभळे होतात. ओल्या जागी वाकून पाहिलं तर लालसर पानांवर चिकट थेंब घेतलेली ड्रॉसेरा दिसते. आपल्या कास पठारावर तिच्याच वंशातल्या जाती आहेत. दोन्हीकडे कारण एकच, जमिनीत नायट्रोजन फार कमी, म्हणून वनस्पती किडे पकडते. वाटेच्या उत्तरेला हा माळ राष्ट्रीय उद्यानात जातो. 1998 मध्ये बॅलिक्रॉय म्हणून सुरू झालेलं हे उद्यान आता वाइल्ड नेफिन नावाने ओळखलं जातं. आत सायकल घालण्याचा मोह टाळावा. तिथे पायीच जावं, तेही बांधलेल्या वाटेवरून, कारण शेवाळावर उमटलेला चाकोरा वर्षानुवर्षं भरून येत नाही.

मलरॅनी हे मधलं मुक्कामाचं गाव. इथे रेल्वे कंपनीने 1897 मध्ये प्रवाशांसाठी मोठं हॉटेल बांधलं. गाडी बंद झाल्यावरही ते दीर्घकाळ चाललं, मग बंद पडून ओसाड राहिलं आणि या शतकात पुन्हा उघडलं. सायकली घेऊन आलेल्या लोकांचा त्याला आता मोठा आधार आहे. समोर खारं कुरण आणि त्यावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणारा जुना पादचारी बांध. आसपासच्या टेकड्यांवर जुन्या आयरिश वाणाच्या रानटी बकऱ्या आहेत आणि तो वाण टिकवायला गावातली मंडळी झटत आहेत. वसंतात इथे फुलणारं एक हेदर एरवी स्पेन-पोर्तुगालच्या बाजूला आढळतं.

मलरॅनीनंतर बाजू बदलते. वाट कोरॉन टेकडीच्या उत्तरेकडून जाते, टेकडी डावीकडे आणि खाडी उजवीकडे. वस्ती विरळ. वारा समोरून येतो आणि या तेरा किलोमीटरांत तो माणसाची परीक्षा घेतो. पुढे अॅकिल दिसू लागतं.

या रेल्वेची एक गोष्ट अॅकिलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. सतराव्या शतकात ब्रायन रुआ नावाच्या द्रष्ट्याने म्हणे सांगून ठेवलं होतं की आग आणि धूर ओकणाऱ्या, लोखंडी चाकांच्या गाड्या एक दिवस अॅकिलला येतील, आणि त्यांची पहिली व शेवटची फेरी प्रेतं घेऊन येईल. 14 जून 1894 रोजी अॅकिलची तरुण मुलं-मुली बटाटे काढायच्या हंगामी कामासाठी स्कॉटलंडला निघाली होती. शिडाच्या होडीतून वेस्टपोर्टच्या धक्क्यापर्यंत आणि तिथून आगबोटीने, असा प्रवास. आगबोट दिसताच ती पाहायला सगळे होडीच्या एका बाजूला धावले, होडी उलटली आणि 32 जण बुडाले. अॅकिलपर्यंतचा मार्ग औपचारिकपणे 1895 मध्ये सुरू झाला, पण त्याआधीच एक खास गाडी ही प्रेतं घेऊन आली. मग 16 सप्टेंबर 1937. स्कॉटलंडमधल्या कर्किन्टिलॉख गावी मजुरांच्या कोठीला रात्री आग लागली, दार बाहेरून बंद होतं, आणि अॅकिलचे दहा तरुण व पोरगे जळून मेले. सर्वांत लहान 13 वर्षांचा होता. त्यांच्या शवपेट्या याच मार्गाने आल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच मार्ग कायमचा बंद झाला.

भविष्यवाणीवर विश्वास ठेवायची गरज नाही. या दोन तारखांच्या मध्ये जी त्रेचाळीस वर्षं गेली, त्यांत काहीच बदललं नव्हतं, हे मला अधिक अस्वस्थ करतं. रेल्वे आली, पण मासळीचा व्यापार तिला पुरला नाही. तिने मुख्यतः माणसं बाहेर नेली. मेयोची लोकसंख्या 1841 मध्ये जवळपास 3 लाख 89 हजार होती, 2022 च्या गणनेत ती 1 लाख 38 हजारांच्या आसपास आहे. 1841 नंतर आलेल्या मोठ्या दुष्काळाने मारलेले आणि बोटींनी नेलेले लोक वजा केल्यावर उरलेली ही संख्या. ज्या भरावावरून तरुण पोरं गाव सोडून गेली, त्याच भरावावरून आता उलट दिशेने माणसं येतात, राहतात, जेवतात. न्यूपोर्ट, मलरॅनीसारख्या गावांत सायकली भाड्याने देणारी दुकानं आणि चहाच्या खोल्या निघाल्या. दोनचार पोरांना गावातच काम मिळालं तरी या मार्गाच्या इतिहासात ते मोठं आहे.

मेयोचं पाहून इतरांनीही वाटा आखल्या. वॉटरफर्डची 46 किलोमीटरची वाट 2017 मध्ये खुली झाली. तिथली रेल्वेची जमीन सार्वजनिक मालकीचीच राहिली होती, त्यामुळे प्रश्न सोपा होता. डब्लिन ते गॉलवे या मोठ्या वाटेचं मात्र अॅथलोनच्या पश्चिमेला अडलं. सुपीक शेतं मधोमध चिरून जाणारी रेघ आणि मागे सक्तीच्या संपादनाची भीती, हे पाहून शेतकरी बिथरले आणि 2015 मध्ये तो भाग थांबवावा लागला. त्यातून धडा घेऊन 2021 च्या अखेरीस देशभरासाठी आचारसंहिता आली. आधी जमीनमालकांशी बोला, पर्यायी मार्ग तपासा, स्वेच्छेने करार करा, त्याचा मोबदला द्या, आणि सक्ती हा अगदी शेवटचा उपाय ठेवा. मोबदल्याची तरतूद मला योग्य वाटते. मेयोच्या शेतकऱ्यांनी जे मोठ्या मनाने दिलं, ते सगळीकडे फुकट मिळेल असं धरून चालणं बरं नाही.

वाट अॅकिलपाशी पोहोचली की समोर पूल येतो. पहिला पूल 1887 मध्ये झाला, तो डेव्हिट यांच्या नावाचा. आताचा 2008 चा पूलही त्यांच्याच नावाने आहे. बेटावर स्लिव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी रिकाम्या दगडी घरांची लांबलचक रांग आहे. 1894 आणि 1937 चे मृत दक्षिणेकडच्या किल्डॅव्हनेटच्या दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत. तिथे जायला गाड्यांचा रस्ताच धरावा लागतो, अरुंद आणि वळणांचा.

जायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. डब्लिनहून वेस्टपोर्टला थेट रेल्वे आहे. सायकल नेता येते, पण तिची जागा आधी राखून ठेवावी. नाही तर सायकल वेस्टपोर्टलाच भाड्याने घ्यावी, दुकानदार गाडीने अॅकिलला सोडतात किंवा तिथून परत आणतात. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा असतो, म्हणून अॅकिलला गाडीने जाऊन सायकलीने वेस्टपोर्टकडे येणं शहाणपणाचं. सराव असलेला माणूस ही वाट एका दिवसात पुरी करतो, पण मलरॅनीला एक रात्र काढावी. मे-जूनमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी आणि रात्री दहापर्यंत उजेड, हेदर हवं असेल तर ऑगस्ट. पाऊस रत्नागिरीच्या साधारण निम्मा, मात्र बारा महिन्यांवर वाटलेला आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा, तेव्हा पावसाळी जाकीट पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावं. पुढे मुलं असली किंवा मेंढ्या, घंटी लांबूनच वाजवावी.